गॅसवर गेली की पाणी थंड : एका अर्थिंगचा तपास

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१५ ची, बीएस-४. सीएनजी किट कंपनीतून आलेलं नव्हे, बाहेरून बसवलेलं, सिक्वेन्शियल प्रकारचं (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर). मालक साताऱ्याचे, पुण्याला नेहमीची ये-जा. तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगायची तर, "पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागलो की चेक लाइट पेटते आणि गाडी मान टाकते. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, पंधराशे-अठराशेच्या वर जात नाही. बाजूला घेऊन बंद करायची, परत चालू करायची, की पळाली." त्याशिवाय ॲव्हरेज उतरलं होतं आणि सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचं.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन गॅरेजं फिरून आली होती. स्कॅनरवर पी ०१२८ हा बिघाडाचा कोड दिसला, म्हणून थर्मोस्टॅट बदलला. तो कोड परत आला, म्हणून कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, टेम्परेचर सेन्सर बदलला. पी ०१०६ साठी मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) नवा घातला. पी २१३५ साठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) बदलली, आणि ती यातली सगळ्यात महागडी वस्तू. राहता राहिला पी ०१७२, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त. त्याच्यासाठी ऑक्सिजन सेन्सर सुचवला गेला होता. मालक काकांची आमच्याकडे पहिली चौकशी "ओटू सेन्सर मिळेल का?" हीच होती.

आधीच्या मिस्त्र्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांनी केलं ते बहुतेक ठिकाणी असंच होतं: कोड दिसला, कोडाच्या नावात ज्या पार्टचं नाव आहे तो बदलला. अडचण अशी की कोड पार्ट मेला असं सांगतच नाही. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जो आकडा मिळाला तो त्याला पटला नाही, एवढंच कोड सांगतो. पी २१३५ चा अर्थ, थ्रॉटलच्या आत झडप किती उघडी आहे हे सांगणारे जे दोन ट्रॅक आहेत त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पी ०१२८ चा अर्थ, इंजिन जितका वेळ चाललंय त्या मानाने पाणी तापलेलं दिसत नाही. 'दिसत नाही' हे महत्त्वाचं, कारण पाणी खरंच गार आहे की नुसतं गार दिसतंय, हे ईसीएमला कळायला मार्ग नाही. त्याच्याकडे फक्त वायरीवरचे व्होल्ट येतात.

म्हणून मी आधी कोड सुटे वाचले नाहीत. चारही एका कागदावर लिहिले आणि प्रत्येकापुढे लिहिलं की त्या सेन्सरचा व्होल्टेज खऱ्यापेक्षा वर गेला असेल की खाली. कूलंटचा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि सिग्नलचा व्होल्टेज उतरतो, म्हणजे 'पाणी गार' दिसायला व्होल्टेज वर जायला हवा. मॅप सेन्सरमध्ये दाब वाढला की व्होल्टेज वाढतो. मॅपने दाब जास्त सांगितला की ईसीएमला वाटतं हवा जास्त आली, ते इंधन जास्त सोडतं. पाणी गार वाटलं तर आणखी थोडं. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की इंधन जास्त झालं, आणि तो पी ०१७२. म्हणजे ऑक्सिजन सेन्सर खरं बोलत होता आणि नेमका त्यालाच काढायची तयारी चालली होती.

तर चित्र असं: वेगवेगळ्या जागी बसलेले, वेगवेगळ्या तत्त्वावर चालणारे सेन्सर, आणि सगळ्यांचे व्होल्ट एकाच दिशेला, वर, सरकलेले. त्यातले काही नवे घालूनही. एकाच वेळी इतके पार्ट एकाच बाजूला बिघडतील यावर मी तरी पैसे लावणार नाही. या सगळ्यांत सामाईक काय आहे ते शोधायचं होतं. सामाईक असतात दोनच गोष्टी: ईसीएमकडून येणारी ५ व्होल्टची लाइन आणि ईसीएमकडे परत जाणारी सेन्सर अर्थ, म्हणजे सेन्सरांची अर्थिंगची वायर. या गाडीत मॅप, कूलंट, इनटेक हवेचा सेन्सर आणि थ्रॉटलचे ट्रॅक या सगळ्यांच्या अर्थ वायरी इंजिनच्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) एका सांध्याला येतात आणि तिथून एकच वायर ईसीएमला जाते.

मीटर काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहिला होता. "हे गॅसवर होतं की पेट्रोलवर?"

"पेट्रोलवर चालवतोय कोण?"

दोन्ही गॅरेजमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. शिवाय दोन्हीकडे तपासणी पेट्रोलवर झाली होती. त्यातही गैर काही नाही. किट असलेली गाडी आली की आधी स्विच दाबून पेट्रोलवर घ्यायची, म्हणजे किटची भानगड बाजूला पडते, ही सगळ्यांची सवय आहे आणि बहुतेक वेळा ती बरोबर ठरते. इथे तिच्यामुळे आजार बाजूला पडला आणि फक्त त्याचे जुने कोड समोर राहिले.

गाडी रात्रभर आमच्याकडेच ठेवून घेतली. सकाळी बॉनेट न तापलेलं असताना किल्ली फक्त ऑन केली, इंजिन बंदच, आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला. ही फुकटची तपासणी आहे, पण घाईत ती कुणी करत नाही. रात्रभर उभ्या गाडीत पाणी आणि इनटेकची हवा दोन्ही बाहेरच्या हवेइतक्याच तापमानाला आलेली असतात, त्यामुळे दोन्ही सेन्सरनी एकच आकडा दाखवायला हवा. दाखवला, २४ आणि २४. इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर, तिथे हा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास असतो. दाखवला ९३. (मुंबईत तोच सेन्सर १०१ दाखवेल. साताऱ्याच्या गाडीला ९३ दिसले म्हणून मॅप सेन्सर कमी दाखवतोय असं ठरवणारेही भेटलेत.) थ्रॉटलचे दोन ट्रॅक ०.८ आणि ४.२ व्होल्ट. या प्रकारात एक चढतो तर दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज कायम ५ राहते. तीही बरोबर. म्हणजे सगळे सेन्सर निर्दोष.

गाडी पेट्रोलवर चालू केली, पंखा एकदा फिरेपर्यंत तापू दिली. पाणी ९० अंश, इनटेकची हवा ४५, आयडलिंगला मॅप ३५ किलोपास्कल. सगळं जागच्या जागी. मग डॅशबोर्डवरचा गॅसचा स्विच दाबला. सोलेनॉइडचा (गॅस सोडणाऱ्या विजेच्या झडपेचा) खट् आवाज आला आणि त्याच क्षणी स्क्रीनवर पाणी ९० वरून ६९ झालं. हवा ४५ ची ३८. मॅप ३५ चा ४२. परत पेट्रोलवर घेतली, तर तितक्याच झटक्यात ९०, ४५, ३५.

इंजिनमधलं काही लिटर पाणी एका सेकंदात एकवीस अंश गार होत नाही आणि पुढच्या सेकंदाला परत तापत नाही. खात्रीसाठी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तो गॅसवरही नव्वदच्या आसपासच राहिला. इथे केस निम्मी सुटली. दोष विजेचा होता, आणि किट चालू झालं की तो हजर व्हायचा. शेजारच्या एकाने लगेच सल्ला दिला, "किट ट्यून करून घ्या." ट्यूनिंगने मिश्रण पातळ-घट्ट होईल, पण पाण्याचा आकडा ट्यूनिंगने हलत नाही.

आता मीटर. पुढची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण याच ठिकाणी चांगले चांगले फसतात.

मॅप सेन्सरचा कपलर न काढता मागून पिना लावल्या. मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब ५ व्होल्टच्या वायरला. पेट्रोलवर ५.०. गॅसवरही ५.०. इथे बहुतेक जण 'सप्लाय ओके' म्हणून पुढे जातात. मी काळी प्रोब बॅटरीवरून काढली आणि त्याच कपलरमधल्या सेन्सरच्या स्वतःच्या अर्थ वायरला लावली. पेट्रोलवर ४.९९. गॅसवर ४.६.

सेन्सरला बॅटरीचं निगेटिव्ह माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने शून्य म्हणजे त्याच्या कपलरमधली अर्थ वायर. वरून ५ येतायत आणि हातात ४.६ पडतायत, म्हणजे खालचं शून्यच वर उचललं गेलंय. थेट मोजलं: लाल प्रोब सेन्सर अर्थवर, काळी बॅटरी निगेटिव्हवर. पेट्रोलवर ८ मिलिव्होल्ट. गॅसवर आयडलिंगला ०.४ व्होल्ट. रेस देऊन तीन हजारावर नेली तर ०.७ च्या घरात. ही वायर ५० मिलिव्होल्टच्या वर गेली तरी मी थांबून बघतो.

तराजूला पासंग असला की त्यात घातलेली प्रत्येक वस्तू खोट्या वजनाची ठरते, मग तांदूळ असो की सोनं. इथे तसंच झालं होतं. कूलंट सेन्सरचा सिग्नल ९० अंशाला अर्धा व्होल्ट असतो. खालून ०.४ चा पासंग बसला की तो ०.८६ च्या आसपास जातो आणि ईसीएमच्या तक्त्यात त्या व्होल्टेजला ६९ अंश लिहिलेले असतात. रेस दिली, पासंग ०.७ झाला, की पाणी ५८ वर. तापमान जितकं जास्त तितका सिग्नल छोटा, म्हणून पाण्याचा आकडा सगळ्यात जास्त बिघडला आणि हवेचा त्या मानाने कमी. थ्रॉटलमध्ये गंमत आणखी स्वच्छ दिसली: दोन्ही ट्रॅकचं शून्य उचललं गेल्यामुळे त्यांची बेरीज ५ ऐवजी ५.४ आली, रेसवर ५.७. जितका पासंग तितकीच बेरीज वाढलेली.

खंबाटकीचंही उत्तर यातच. सपाट रस्त्याला गॅसचे इंजेक्टर थोडा वेळ उघडतात, चढाला जास्त वेळ. उघडा वेळ वाढला की करंट वाढतो, करंट वाढला की पासंग वाढतो. एका मर्यादेनंतर ईसीएम म्हणतं, थ्रॉटलच्या दोन साक्षीदारांवर आता विश्वास नाही, आणि सुरक्षिततेसाठी थ्रॉटलची मोटर सोडून देतं. स्प्रिंगने झडप जेमतेम उघडी राहते, गाडी रांगत कडेला जाते. बंद करून चालू केली की इंजिन पेट्रोलवर सुरू होतं, पासंग शून्य, गाडी ठणठणीत.

०.४ व्होल्ट कुठे पडतोय हे ठरवायचं होतं. पहिला संशय ईसीएमच्या मुख्य अर्थिंगवर जातो, म्हणून तिथे मोजलं: १५ मिलिव्होल्ट, उत्तम. खरं तर ती खराब असती तर लक्षणं अशी नसती. ईसीएमचं स्वतःचं शून्य उचललं गेलं तर त्याचे ५ व्होल्ट आणि सेन्सर अर्थ दोन्ही सोबतच वर जातात, आणि आपापसातलं नातं टिकतं. इथे ईसीएमचं शून्य जागेवर होतं आणि सेन्सरांचं वर गेलं होतं. म्हणजे दोघांना जोडणाऱ्या त्या एका वायरीतून, जिच्यातून काही मिलीअँपिअर जायला हवेत, कुणीतरी भरपूर करंट ढकलत होतं.

कुणी? गॅसवर चालू ठेवून कूलंट आणि इनटेकच्या सेन्सरचे कपलर एकेक काढून पाहिले. अर्थवरचे ०.४ हलले नाहीत, म्हणजे त्यांच्यातला कुणी आतून शॉर्ट नाही. (हीच पद्धत ५ व्होल्टची लाइन खाली बसली असेल तेव्हाही कामाची. पी ०६४२ सारखा कोड येतो, एकेक सेन्सर काढत जायचं, ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो चोर. कोणताच नसेल तर लूम कुठेतरी घासलाय.) मग डीसी क्लॅम्प मीटर (वायर न कापता करंट मोजणारा) सेन्सर अर्थच्या त्या वायरीभोवती लावला. पेट्रोलवर शून्य, गॅसवर जवळपास ३ अँपिअर. किटचा फ्यूज उपसला, दोन्ही मीटर शून्यावर.

उरलं ते शोधकाम. थ्रॉटल बॉडीच्या मागे, कोरुगेटेड पाइपच्या आत, काळ्या इन्सुलेशन टेपची एक गाठ. उन्हाने टेपचा गोंद वितळून चिकट झालेला. आत किटच्या कंट्रोल बॉक्समधून आलेली एक काळी वायर, गाडीच्या लूममधल्या सेन्सर अर्थवर सोलून, गुंडाळून, टेप मारलेली. किट बसवणाऱ्याला दोन अर्थ द्यायच्या होत्या. एक त्याने बॅटरीला नेली. दुसरीसाठी बॅटरीपर्यंत वायर ओढण्यापेक्षा हाताशी दिसलेली काळसर वायर त्याला पुरेशी वाटली. काळी म्हणजे अर्थ, आणि अर्थ म्हणजे अर्थ.

मग इतकी वर्षं गाडी कशी चालली? कारण बॅटरीकडे जाणारी किटची मुख्य अर्थ धडधाकट होती, सगळा करंट तिथून जात होता आणि ही चोरवाट रिकामी होती. म्हणून मुख्य अर्थ पाहायला गेलो. बॅटरीच्या निगेटिव्हवर बाकी थिंबलच्या खाली दबलेलं किटचं छोटं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), त्यावर पांढरी भुकटी, आणि क्रिंपच्या, म्हणजे वायर दाबून बसवलेल्या जागेच्या, तोंडाशी तांब्याचे तंतू हिरवे पडलेले. काकांना विचारलं तेव्हा कळलं की जुनी बॅटरी अंग फुगून गेली होती, म्हणून पावसाळ्याआधी नवी घातली. जुन्या बॅटरीतून उडालेलं ॲसिड थिंबलवर होतं, ते कुणी धुतलं नाही, तेच थिंबल नव्या बॅटरीवर कसलं. तक्रार त्यानंतरच सुरू झाली होती, पण बॅटरी आणि घाटातलं मान टाकणं यांचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार?

ही मुख्य अर्थ सुटी करून मीटरच्या बझरवर लावली, तर बझर वाजला. बझर यासाठी वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही आलं तरी वाजतो. कुजक्या क्रिंपमध्ये दोन तंतू शाबूत असले तरी तो वाजेल. म्हणून मागच्या ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं या वायरीच्या सुट्या टोकाला. बल्ब मिणमिणला आणि नुसत्या थिंबलच्या दोन बाजूंमध्ये चार व्होल्टच्या वर पडले. वायर चांगली की वाईट हे तिच्यातून करंट वाहत असतानाच कळतं.

दुरुस्तीला फार काही लागलं नाही. टेपची गाठ सोडवली, किटची वायर कापून वेगळी केली, सेन्सर अर्थची सोललेली जागा सोल्डर करून आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवली. किटच्या दोन्ही अर्थ एकत्र करून अडीच एमएमच्या नव्या वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हवर नेल्या, कलई केलेलं तांब्याचं थिंबल नीट क्रिंप करून. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडा-पाण्याने धुऊन, पुसून, कसून वर पेट्रोलियम जेली लावली. किटच्या इंजेक्टर एम्युलेटरचे (गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणाऱ्या भागाचे) बाकीचे जोडही तसेच टेपचे होते, तेही सोल्डर केले, कारण पुढच्या पावसात त्यांचा नंबर लागलाच असता.

मग तीच तपासणी परत. सेन्सर अर्थ पेट्रोलवर ८ मिलिव्होल्ट, गॅसवर ९. स्विच खट् वाजला आणि पाणी ८९ चं ८९ राहिलं. थ्रॉटलची बेरीज रेसवरही ५.०. कोड पुसले, आणि ईसीएमने इतके दिवस शिकून ठेवलेली इंधनाची कपातही रीसेट केली. ती उणे एकवीस टक्क्यांवर जाऊन बसली होती, ती तशीच ठेवली असती तर आता गाडी इंधनाला कमी पडून मिसिंग करत राहिली असती. यवतेश्वरचा घाट गॅसवर, एसी लावून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढवला. मान टाकली नाही. परत आल्यावर कपात उणे तीनच्या आसपास होती.

एक शंका मात्र उरली होती. ईसीएमच्या आत सेन्सर अर्थचा ट्रॅक मिलीअँपिअरसाठी असतो. त्यातून महिनोन्महिने तीन ते पाच अँपिअर गेले होते. तो जळाला असता तर सेन्सर अर्थच तुटली असती, सगळे सेन्सर एकदम ५ व्होल्टला चिकटले असते आणि प्रश्न ईसीएम उघडण्यापर्यंत गेला असता. म्हणून सेन्सर अर्थची पिन आणि ईसीएमच्या मुख्य अर्थची पिन यांच्यामध्ये इंजिन गरम असताना, सगळे सेन्सर जोडलेले ठेवून मोजलं. दोन-तीन मिलिव्होल्ट, आणि लूम हलवून पाहिला तरी स्थिर. ट्रॅक वाचला होता.

काकांना सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते हे तारखेसकट पाठ होतं. त्या टेस्टमध्ये सिलिंडर तपासतात, वायरिंगकडे कुणी बघत नाही, हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा बॉनेट उघडायला लावलं आणि किटची नवी अर्थ नेमकी कुठे कसलीय ते मोबाइलवर फोटो काढून ठेवलं, पुढच्या बॅटरीवाल्याला दाखवायला. थ्रॉटल बॉडी, मॅप सेन्सर, थर्मोस्टॅट सगळं नवंच आहे, ते तसंच राहू दिलं. जुनी थ्रॉटल बॉडी डिकीत पिशवीत होती. तिचे ट्रॅक बाहेर टेबलावर ५ व्होल्ट देऊन तपासले, दोन्ही बरोबर निघाले. ती त्यांना परत दिली आणि बिलात ओटू सेन्सर धरला नाही.